माहेरचं नाव शोधताना

तुमच्या पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी केळापूर तालुक्यात दोन एकर शेत विकलं असेल, तर त्याचा कागद आजही सापडू शकतो. घरात मूल जन्मलं, कुणी पटकीनं गेलं, तर गावच्या कोतवालानं त्याची एक ओळ लिहिलेली असू शकते. शेतात पऱ्हाटी होती की ज्वारी, सारा किती होता, हेही कुठल्या तरी पत्रकात असतं. पण ज्या लग्नामुळे तुमचं घर उभं राहिलं, त्या लग्नाचा सरकारी कागद यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक कुटुंबांकडे नाही. तो हरवलेला नाही की वाळवीनं खाल्लेला नाही. तो कधी तयारच झाला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ‘सगेसोयरे’ हा शब्द अचानक सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पोचला. जात प्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा राज्य सरकारनं प्रसिद्ध केला होता आणि त्यात आधीच्या पिढ्यांमध्ये जातीतच झालेल्या लग्नांतून जुळलेल्या नात्यांचा उल्लेख होता. त्यावरची राजकीय चर्चा तुम्ही ऐकलीच असेल, ती इथे उगाळत नाही. पण मी दिवसभर डेटाबेस हाताळणारा माणूस. मला त्या शब्दामागे एक साधा प्रश्न दिसत राहिला. १९२० साली दारव्ह्याची मुलगी पुसदला दिली, हे आज कोण आणि कशावरून सांगणार?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की कळतं, उत्तरं आहेत. फक्त ती ‘विवाह’ असं लिहिलेल्या कपाटात नाहीत.

कायद्याला लग्न दिसत नव्हतं

इंग्रजी अमलात लग्नाची नोंद धर्म बघून होत असे. पारशांसाठी १८६५ साली कायदा झाला आणि त्यात लग्नाची नोंदणी आली. ख्रिस्ती लग्नांसाठी १८७२ चा कायदा होता. चर्चनं रजिस्टर ठेवायचं आणि त्यातल्या नोंदींच्या प्रती सरकारकडे पाठवायच्या. त्यामुळे यवतमाळात फ्री मेथॉडिस्ट मिशनच्या आसपास वाढलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना लग्नाची सरळ, तारखेसकट नोंद मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त. मुसलमान घरांत निकाहनामा असतो. त्यात मेहेरची रक्कम, वकील आणि साक्षीदारांची नावं येतात. १८८० च्या कायद्यानं सरकारला काझी नेमण्याची मुभा दिली, पण अशा काझीनं लावला नाही म्हणून निकाह बेकायदा ठरत नव्हता.

हिंदू लग्न मात्र संस्कार मानलं गेलं. अग्नी साक्षीला, मांडवात गाव साक्षीला, मग कागद कशाला? सरकारनंही तो मागितला नाही.

त्यात यवतमाळचा प्रवास वेगळा. वऱ्हाड निजामाचं. १८५३ च्या तहानं ते इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३ मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर जिल्हा मध्य प्रदेशात गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मुंबई राज्यानं १९५३ साली विवाह नोंदणीचा कायदा केला, तेव्हा यवतमाळ मुंबई राज्यात नव्हतंच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं नोंदणीचे नियम करायचं राज्यांवर सोडलं आणि नोंद नसली तरी लग्न वैधच राहील असंही स्पष्ट केलं. महाराष्ट्राचा सध्याचा विवाह नोंदणी कायदा १९९८ चा. त्यानंतर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘सीमा विरुद्ध अश्वनी कुमार’ या प्रकरणात सगळ्या राज्यांना सांगितलं, की लग्नाची नोंद सक्तीची करा.

म्हणजे तुमच्या आईवडिलांचं विवाह प्रमाणपत्र असेलच, तर तेही बहुधा नंतर कधी तरी पासपोर्टच्या निमित्तानं काढलेलं असेल. आजीच्या आणि पणजीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही.

मग कोर्टात लग्न सिद्ध कसं व्हायचं? १८७२ च्या पुरावा कायद्यानं याची सोय केली होती. दोघांचं नातं जाणून असणारी माणसं त्यांच्याशी कशी वागली, हे न्यायालय बघू शकत होतं. नवराबायको म्हणून त्यांना बोलावलं जायचं का, आहेर व्हायचा का, वारसांत धरलं का? घरची वंशावळ, मृत्युपत्र, थडग्यावरचा मजकूर, कुटुंबाचं चित्र, यांतली नात्याची विधानंही ठरावीक परिस्थितीत पुरावा ठरत. तेव्हा घरच्या ट्रंकेतल्या वह्यांना कायद्यानंही कधी रद्दी मानलेलं नाही.

एका दिवसात बदललेले चार रकाने

डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला एक ओळख लागते, जी बदलत नाही. आपल्या जुन्या कागदांत पुरुषाची ओळख अशी असते: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. शेत विकलं तरी तीच, मेला तरी तीच. म्हणून पुरुषांची साखळी मागे मागे जुळवता येते.

बाईच्या नोंदीतले हे चारही रकाने एकाच दिवशी बदलतात. बापाच्या जागी नवरा येतो. आडनाव बदलतं, गाव बदलतं, आणि अनेक घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहून तिचं स्वतःचं नावही बदलतं. समजा, माहेरी ठकू असलेली मुलगी सासरी लक्ष्मी झाली. कागदांच्या दृष्टीनं एक ठकू राळेगावकडच्या एका गावातून नाहीशी झाली आणि वणीकडच्या एका गावात कुणी लक्ष्मी कुठूनशी उगवली. दोघींना जोडणारा एकच दुवा असू शकत होता, लग्नाचा कागद. नेमका तोच लिहिला गेला नाही.

जिथे तो लिहिला गेला तिथेही सगळं आलबेल होतं असं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून सरकारी विवाह नोंदणी आहे. त्या प्रमाणपत्रावर वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असत. आयांची नावं त्यावर यायला मे २०२१ उजाडलं.

माझ्या घरच्या स्प्रेडशीटचीही हीच गत आहे. पुरुषांचा रकाना खापरपणजोबांपर्यंत भरलेला, कारण जात पडताळणीच्या वेळी तो भरावाच लागला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचे पुरावे शोधत घरोघरची पोरं तहसीलमध्ये चकरा मारतात. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे तर जुन्या दप्तरांवरची धूळ राज्यभर झटकली गेली. पण जात बापाकडून येते, म्हणून शोधही बापाच्याच बाजूनं होतो. प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीत माणसं माणसांपासून जन्मत जातात, मधे आई नसतेच. ‘पणजी – माहेर’ हा रकाना माझ्याकडे बराच काळ रिकामा होता.

तिचं लग्न शोधायचं, तर तिची बाळंतपणं बघा

विदर्भात जुन्या नोंदींसाठी पहिलं नाव निघतं ते कोतवाल बुकाचं. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात ओळीनं लिहिलेले असतात. तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधीच होऊन जायची. आईचंही अनेकदा नसतं. ‘अमुक यास मुलगी झाली’ इतकंच. वाचताना वाटतं, बाप एकटाच बाळंत झाला.

तरीही या वहीत लग्नाचा माग आहे. जन्माची नोंद बापाच्या मूळ गावात होत नसे, ती जिथे जन्म झाला त्या गावात होई. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. म्हणून एखाद्या घरातली सगळी भावंडं सासरच्या गावच्या बुकात सापडतात आणि थोरलंच तेवढं सापडत नाही, तेव्हा ते दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या बुकात असण्याची शक्यता मोठी. तिथे बापाच्या नावापुढे परगावचा उल्लेख दिसला, तर ते गाव म्हणजे बाईचं माहेर असू शकतं. म्हणून सासरच्या बुकातली रिकामी जागासुद्धा टिपून ठेवायची.

पहिल्या मुलाच्या जन्मावरून लग्नाचं साल काढायला मात्र जाऊ नका. लहानपणी लग्न लागे, मुलगी माहेरीच राही आणि वयात आल्यावर तिची पाठवणी होई. मधे पाच-सात वर्षंही जात. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखेवरूनही वय मोजताना जपून. १ जून किंवा १ जुलै अशी तारीख दिसली, की ती गुरुजींनी नाव घालताना अंदाजानं टाकलेली असण्याची शक्यता खूप.

दुसरी जागा जमिनीच्या कागदांची. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार. खातेदार मेला की वारसांची नोंद इथे होते. या कागदांची स्वतःची भाषा आहे, ती एकदा कळली की नाती उलगडतात. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘बेवा’ म्हणजे अमक्याची विधवा. ‘भ्र.’ दिसलं तर ते भ्रतार, म्हणजे नवरा. पश्चिम महाराष्ट्राच्या कागदांत हेच काम ‘बिन’ आणि ‘कोम’ करतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप लवकर गेला आणि मुलं लहान असली, की त्यांची पालनकर्ती म्हणून आईचं नाव कागदावर चढतं. नवरा जिवंत असता तर ते कदाचित कधीच आलं नसतं.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा इथे मैलाचा दगड आहे. त्यानं मुलींना बापाच्या मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं वारस धरलं. त्यानंतरच्या फेरफारात लग्न होऊन गेलेल्या लेकी दिसू लागतात, नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या गावासकट. आणि त्यांच्यापाठोपाठ येतं हक्कसोडपत्र. भावांच्या नावे आपला वाटा सोडून देताना बहिणीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय, राहण्याचं गाव, मयत बापाचं नाव, सगळ्या भावंडांची नावं, सगळं लिहावं लागतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ते नोंदवलंही जातं. माहेर आणि सासर एकाच पानावर असलेला हा दुर्मीळ कागद. आयुष्यात एकदाच तिला सरकारी कागदावर इतकं सविस्तर लिहिलं गेलं, आणि तेही स्वतःची जमीन सोडून देताना.

मामाचं गाव

घरातल्या कागदांपैकी सगळ्यात जास्त फेकली जाणारी वस्तू म्हणजे जुनी लग्नपत्रिका. नीट वाचली तर ती एक छोटी जनगणनाच आहे. नावाआधी ‘कै.’ म्हणजे लग्नाआधीच गेलेले. आईच्या नावाआधी ‘सौ.’ की ‘गं. भा.’, यावरून बाप हयात होता की नाही ते कळतं. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, विधवेसाठी लिहायची ती अक्षरं. ‘द्वितीय कन्या’ म्हणजे आधी एक बहीण आहे, तिला शोधा. ‘यांची नात’, ‘यांची पुतणी’ असं लिहून निमंत्रण काकाच्या नावानं असेल, तर बाप आधीच गेला असावा किंवा एकत्र कुटुंबात मोठेपण काकाकडे असावं. ‘चि. सौ. कां.’च्या पुढे मुलीचं माहेरचं नाव असतं. काही पत्रिकांत तर कंसात सासरचं ठरलेलं नावही असतं. तशी पत्रिका हाती लागली तर ठकू आणि लक्ष्मी एकाच ओळीत भेटतात. खाली कोपऱ्यात, विनीत आणि निमंत्रकांच्या गर्दीत, ‘मामा’ असतात.

हा मामा महत्त्वाचा. नवरदेवाचा मामा म्हणजे त्याच्या आईचा भाऊ, आणि मामाचं गाव म्हणजे आईचं माहेर. म्हणजे एखाद्या बाईच्या स्वतःच्या लग्नाचा कागद नसला, तरी तिचं माहेर तिच्या मुलाच्या लग्नात सापडू शकतं. एक पिढी खाली उतरायचं आणि तिथून मागे वळून बघायचं.

माझ्याकडे पत्रिका नव्हती, आहेराची वही होती. १९५० च्या दशकातली, आजोबांच्या लग्नातली. बाहेरून किराणा दुकानाच्या खात्यासारखी. आत ओळीनं नावं, गावं आणि आकडे. कुणी दोन रुपये, कुणी पाच, कुणी लुगडं, कुणी टोपी-उपरणं, कुणी पायली-दोन पायली धान्य. ही वही आठवण म्हणून कुणी ठेवत नसे. ते उधारीचं खातं होतं. ज्यानं आपल्याकडे पाच रुपये लिहिले, त्याच्याकडच्या लग्नात आपण त्याहून कमी लिहायचे नाहीत. म्हणूनच ती इतकी काटेकोर असते. भावनेपोटी कुणी नाव वाढवलं नाही आणि आळसापोटी कुणी गाव गाळलं नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर, घरच्यांच्या खाली, एका नावापुढे ‘मामा’ लिहिलेलं आहे आणि पुढे वरोऱ्याजवळच्या एका गावाचं नाव. आजोबांचा मामा, म्हणजे पणजीचा भाऊ. स्प्रेडशीटमधला रिकामा रकाना भरला, तो असा. पणजीचं माहेरचं नाव त्या वहीत नव्हतंच. पण कुठल्या गावात, कुठल्या आडनावाखाली ते शोधायचं, एवढं कळलं.

अशा वह्या तुमच्याही घरी असतील. बऱ्याच घरांत मानपानाची यादही मिळते. काय द्यायचं, काय घ्यायचं, वऱ्हाडी किती येणार, हे ठरवून दोन्हीकडच्या जाणत्यांनी लिहिलेला कागद. आणि घराबाहेरही एक वही असू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळी ठेवतात. तुमच्या गावचं, आडनावाचं कुणी तिथे श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन गेलं असेल, तर त्यानं घरच्यांची नावं लिहून दिलेली असू शकतात. श्राद्धात आई, आजी, पणजीचीही नावं घ्यावी लागतात, त्यामुळे सरकारी दप्तरापेक्षा धार्मिक वहीत बायका सापडण्याची आशा जास्त.

शके १८५१ म्हणजे कोणतं साल?

पत्रिकेवर किंवा यादीवर तारीख बहुतेक वेळा शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकवतात. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात.

याचा फरक किती पडतो बघा. समजा, एका कागदावर ‘शके १८५१, फाल्गुन शुद्ध पंचमी’ आहे. ७८ मिळवले तर १९२९ येतं. प्रत्यक्षात ती तिथी मार्च १९३० मध्ये येते. आणि १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा अमलात आला, १४ वर्षांखालच्या मुलीच्या आणि १८ वर्षांखालच्या मुलाच्या लग्नाला बंदी करणारा. तो लागू होण्याआधी देशभरात लहान मुलांची लग्नं घाईघाईनं उरकली गेली. इतकी, की १९३१ च्या जनगणनेत विवाहित मुलांचा आकडा फुगलेला दिसला. एक आकडा चुकीचा मिळवला की तुमच्या घरातलं एक लग्न या सगळ्या घाईच्या बाहेर पडतं. बरोबर मिळवला की प्रश्न सुचतो: नवरी किती वर्षांची होती?

जिल्ह्यातल्या मारवाडी घरांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. त्यातून ५७, आणि इसवी सन बदलल्यानंतरच्या महिन्यांत ५६ वजा करायचे. तिथे आणखी एक मेख आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण आपला वैशाख वद्य तो त्यांचा जेठ वदी. महिनाभर लांब वाटणाऱ्या दोन तारखा एकाच दिवसाच्या असू शकतात.

दोन नद्यांच्या मधे

पणजीचं माहेर वरोऱ्याकडे निघालं, आणि तिथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. वर्धा नदी. ही नदी म्हणजे वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामधली सीमा. १९०३ पर्यंत दोन्ही काठांचा कारभार वेगळा होता. वणीकडची मुलगी चांद्याकडे दिली की माणसांसाठी ती एका दिवसाची बैलगाडी, पण कागदांसाठी ते दुसरं दप्तर.

दक्षिणेला पैनगंगा. तिच्या पलीकडे थेट निजामाचं राज्य. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणजे हैदराबाद संस्थानात. तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. घरात मराठी बोलणारी, मराठीच सासरी गेलेली मुलगी उर्दू कागदांत जाऊन पोचायची. म्हणून सोयरीक कुठे झाली यावर, शोध नागपूरच्या अभिलेखागारात घ्यायचा की हैदराबादच्या, हे ठरतं.

जिल्ह्याचं नावही स्थिर नव्हतं. १९०५ आधी हा ‘वणी’ जिल्हा होता, आणि इंग्रजी कागदांत त्याचं स्पेलिंग ‘वून’ उच्चारावं असं. यवतमाळ तिथे ‘येवतमाळ’ होतं. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता आणि १९०५ च्या फेररचनेत इकडे आला. ऑनलाइन शोधताना आजच्या नावानं काही मिळालं नाही, तर ही जुनी नावं घालून बघा. शिवाय केळापूर हा तालुका, पण कचेरी पांढरकवड्याला. झरी जामणी, मारेगाव हे नंतरचे तालुके. १९४० च्या पत्रिकेवर ते मिळणार नाहीत.

ज्यांचा कागद नव्हताच

आतापर्यंतच्या सगळ्या वाटा अशा घरांसाठी, जिथे जमीन होती, लिहिता येणारं कुणी होतं किंवा पत्रिका छापायची ऐपत होती. अर्ध्या जिल्ह्याला यातलं काहीच नव्हतं.

अनेक जातींत विधवेचा पाट लागे. तो रात्री, मोजक्या माणसांत. मुहूर्त नाही, पत्रिका नाही, आहेराची वही नाही. कायद्यानं विधवाविवाहाला १८५६ मध्येच मान्यता दिली होती, पण पाटाचा माग लागतो तो उशिरानं, एखाद्या फेरफारात सावत्र भावंडांची नावं एकत्र आली म्हणजे.

गोंडांमध्ये लग्नाची आठवण वेगळ्या प्रकारे जपली गेली. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. ज्यांच्या देवांची संख्या एक, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे नुसत्या आडनावावरून या घराची लग्नं कुठे होऊ शकत नव्हती, हे सांगता येतं. कुळांच्या कथा आणि वंशावळी परधान गाऊन सांगत आले. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यासाठी परधान हे असंच एक जिवंत दप्तर होतं.

आणि १९५६ नंतर बौद्ध झालेली घरं. ज्यांच्या आजोबांना शाळेत मागे बसवलं जायचं, त्यांच्या घरांत भारतीय बौद्ध महासभेचं विवाह प्रमाणपत्र मिळू शकतं. वर-वधूची नावं, तारीख, साक्षीदारांच्या सह्या. शेजारच्या वाड्यातल्या देशमुखांच्या लग्नाला असा कागद नसेल आणि यांच्याकडे असेल. लग्न लिहून ठेवलं पाहिजे, हे एका समाजानं सरकारनं सांगायच्या कितीतरी आधी ठरवलं, त्याची ही खूण.

आता काय करायचं?

कोतवाल बुक पुढच्या वर्षीही तहसीलमध्ये असेल. त्याची नक्कल अर्ज करून मिळेल. जुना मोडी कागद वाचणारं कुणी ना कुणी भेटेल. घाई आहे ती दुसऱ्या दप्तराची. घरातली सगळ्यात वयस्क बाई.

तिला ‘तुमचं लग्न कधी झालं?’ असं विचारू नका. ‘काय माहीत बापा’ हेच उत्तर येईल. वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले त्याच्या आधी की नंतर, असं विचारा. आपल्या पुसदचा माणूस मुख्यमंत्री झाला तो डिसेंबर १९६३ मध्ये, आणि ते जिल्ह्यात सगळ्यांना आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात कोणतं मूल कडेवर होतं, ते विचारा. माहेरी काय म्हणून हाक मारायचे, ते विचारा. आईचं माहेर कोणतं, मामा कोणत्या गावाहून यायचे, लग्नात कोणती नदी ओलांडली. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री लिहून काढा, कारण रेकॉर्डिंग कुणी पुन्हा ऐकत नाही.

आज ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्नाची नोंद होते, तेव्हा अर्जावर वधूचं लग्नापूर्वीचं नाव असतं, दोघांची वयं, पत्ते, लग्न लावणारा आणि तीन साक्षीदार असतात. आपल्या नातवंडांना शोध सोपा जाईल. पण त्या अर्जातून आपल्या पणजीपर्यंत मागे जाता येत नाही. ते काम सरकारी नमुन्यात बसणारं नाही, घरीच करावं लागेल.

पुढच्या वेळी पडताळणीसाठी वंशावळ टाइप कराल, तेव्हा नमुन्यात आहे तशीच द्या. कार्यालय तेवढंच मागतं. फक्त त्या फाइलची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यात प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी तीन रकाने वाढवा: बायकोचं सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव. आणि भरायला सुरुवात आईच्या आईच्या आईपासून करा.